कूतच्या वेढ्यात बंदुका शाबूत होत्या

गाव एक, वेढा एक, पण चुली दोन. एका चुलीवर गोऱ्या शिपायांसाठी मैद्याचा पाव भाजला जायचा. दुसरीवर हिंदी शिपाई कणकेच्या रोट्या भाजायचे. गोऱ्यांना घोड्याचं मांस चालायचं, हिंदी शिपाई त्याला हात लावत नव्हते. काही आठवडे गेले आणि गोऱ्यांच्या पायांना बधिरपणा येऊ लागला, पाय सुजू लागले. हिंदी शिपायांचे पाय ठीक होते, पण हिरड्यांतून रक्त येऊ लागलं, सांधे ठणकू लागले, बसलेला माणूस उठेनासा झाला. गोळी एकालाही लागलेली नव्हती. तरी दोन्हीकडची माणसं लढाईतून बाद होत होती, आणि प्रत्येकाचं कारण वेगळं होतं.

ही गोष्ट इराकमधल्या कूत अल-अमाराची आहे. टायग्रिस नदीच्या वळणात, तिन्ही बाजूंनी पाण्याने वेढलेलं हे छोटं गाव. पहिल्या महायुद्धात, डिसेंबर १९१५च्या पहिल्या आठवड्यात, तुर्की फौजेने तिथे इंग्रजांच्या मेजर जनरल चार्ल्स टाउनशेंडच्या सैन्याला कोंडलं. १४७ दिवसांनी, २९ एप्रिल १९१६ला, ते सैन्य शरण गेलं. त्या सैन्याचं नाव होतं सहावी पुणे डिव्हिजन. तिच्यात १०३ आणि ११० मराठा लाइट इन्फन्ट्री आणि ११७ मराठा अशा तीन मराठा पलटणी होत्या. शिवाय पंजाबी, राजपूत, गुरखा आणि इंग्रज पलटणीही होत्या. आज जिला आपण ‘जंगी पलटण’ म्हणतो, ती त्यातल्या १०३चीच वारस. सातारा-कोल्हापूरकडच्या आणि कोकणातल्या कितीतरी घरांतला कुणीतरी पूर्वज त्या वळणात उपाशी बसला होता. आपल्याकडे ही गोष्ट फार कमी सांगितली जाते, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

युद्धाच्या बातम्यांत आपण आकडे वाचतो. इतके सैनिक, इतके रणगाडे, इतकी विमानं. त्यातून मेलेल्यांची आणि उद्ध्वस्त झालेल्यांची वजाबाकी केली की उरलेली ताकद कळते, असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात फौज अशी वजाबाकीने संपत नाही. हजेरीपटावर नाव असलेला शिपाई बंदूक उचलू शकत नाही, धड दिसणारी तोफ जागची हलू शकत नाही, आणि हे दोन्ही घडत असताना कागदावरचा आकडा तसाच राहतो. लढण्याची ताकद कुठून कुठून गळते, ते समजून घ्यायला कूतइतकं स्वच्छ उदाहरण मला दुसरं माहीत नाही.

वेढ्याच्या आधीच बरंच काही गळून गेलं होतं. पुणे डिव्हिजन १९१५चा उन्हाळाभर टायग्रिसच्या काठाने वर सरकत होती आणि बहुतेक लढाया जिंकत होती. तिला बगदाद घ्यायला पाठवलं गेलं. २२ नोव्हेंबरला बगदादच्या अलीकडे टेसिफॉनला मोठी लढाई झाली, आणि त्यात सुमारे साडेचार हजार माणसं मेली किंवा जखमी झाली. डिव्हिजनमध्ये लढणारी माणसं जेमतेम बारा-तेरा हजार होती. म्हणजे तीन माणसांतला एक गेला.

उरलेल्या दोघांचं काय होतं, तेही पाहायला हवं. ज्या तुकडीतला तिसरा हिस्सा एका दिवसात जातो, त्या तुकडीत कामाची साखळी तुटते. मशीनगन चालवणारा वाचला तरी पट्टा भरून देणारा गेलेला असतो. निरोप नेणारा जातो, वाट माहीत असलेला हवालदार जातो. हिंदी पलटणींत याच्या जोडीला आणखी एक अडचण होती. एका पलटणीत साधारण डझनभर इंग्रज अधिकारी असत. ते वर्षानुवर्षं त्याच पलटणीत राहून शिपायांची भाषा शिकलेले, त्यांची घरं-गावं ओळखणारे असत. लढाईत हे अधिकारी पुढे असत आणि लवकर पडत. त्यांच्या जागी येणाऱ्या नव्या माणसाला मराठी येत नसे. सुभेदार-जमादार अनुभवी होते, पण त्यांना मोठा निर्णय घ्यायची मुभा नव्हती. रिकामी जागा भरली, असं कागदावर दिसे. हुकूम मात्र शिपायापर्यंत पोहोचत नसे.

मग माघार. शेवटचा टप्पा तर जवळजवळ न झोपता चालून ३ डिसेंबरला हे लोक कूतमध्ये शिरले. झोप हा ताकदीचा भाग आहे, हे आपण सहज विसरतो. सलग २४ तास जागा राहिलेला माणूस भरपूर दारू प्यायलेल्या माणसाइतक्या चुका करतो, हे पुढच्या काळात प्रयोगांनी दाखवून दिलं आहे. त्याला भीती वाटत नसते, तो शूरही असतो. तरीही त्याला अंतराचा अंदाज येत नाही, आपला कोण आणि परका कोण हे पटकन कळत नाही, आणि ऐकलेला हुकूम डोक्यात राहत नाही.

जखमींचे हाल तर त्याहून वाईट. त्यांना नदीपर्यंत न्यायला स्प्रिंग नसलेल्या लोखंडी खेचरगाड्या होत्या. मोडलेल्या मांडीचा माणूस त्या गाडीतून खडबडीत वाळवंटातून नेला जाई. नदीवर पुरेशा बोटी नव्हत्या, दवाखान्याची बोट तर नव्हतीच. बसरा बंदराला आलेल्या एका बोटीची अवस्था मेजर कार्टर या डॉक्टरने पुढे चौकशी आयोगापुढे सांगितली. लांबून पाहताना बोटीच्या कडेला दोर लोंबतायत असं त्याला वाटलं. जवळ आल्यावर कळलं, ती जखमींची विष्ठा होती. या माणसांना हलताही येत नव्हतं. हे वाचून माझा संताप आजही कमी होत नाही. पण इथे दुसरा मुद्दाही आहे. मागे राहिलेला धडधाकट शिपाई हे सगळं बघत असतो. आपण पडलो तर कुणी उचलेल, हा भरवसा गेला की माणूस पुढे पाऊल टाकताना थबकतो. हा भरवसाही दारूगोळ्याइतकाच मोजायला हवा, आणि तो कुठल्याच यादीत नसतो.

आता शिध्याकडे येऊ.

टाउनशेंडने सुरुवातीला कळवलं की साधारण दोन महिने पुरेल इतकं अन्न आहे. गावातली घरं नीट धुंडाळलीच नव्हती. जानेवारीच्या अखेरीस झडती घेतल्यावर गावकऱ्यांकडे धान्याचे साठे सापडले आणि मुदत एकदम लांबली. तोवर त्या पहिल्या आकड्याने दुसरंच सैन्य मोडून टाकलं होतं. कूतला सोडवायला जनरल एल्मरची फौज खालून येत होती. फ्रान्समधून बोटींनी आणलेल्या तुकड्या बसऱ्याला उतरत होत्या, पण त्यांच्या तोफा एका बोटीवर, इस्पितळं दुसऱ्या बोटीवर, गाड्या तिसऱ्या. सगळं जमायची वाट पाहायला वेळ नाही, कूतमधलं अन्न संपतंय, असं समजून एल्मरने जे हाताशी होतं ते घेऊन चढाई केली. शेख साद, वादी, हन्ना, अशा एकामागून एक लढाया. एकट्या जानेवारीत सुमारे आठ हजार माणसं मेली किंवा जखमी झाली. हन्नाला तर ऐन थंडीच्या पावसात, चिखलात जखमी रात्रभर पडून राहिले. एप्रिलपर्यंत सोडवायला आलेल्या फौजेचे एकूण सुमारे २३,००० लोक कामी आले, घायाळ झाले. कूतमध्ये जितके अडकले होते, त्याच्या जवळपास दुप्पट. कोठारातलं धान्य वेळेवर न मोजल्याची ही किंमत. ती टाउनशेंडच्या खात्यावर लिहिली पाहिजे, असं माझं स्पष्ट मत आहे.

आणि त्या दोन चुली? शरीरात जीवनसत्त्वांचाही साठा असतो, पण लहान. ब-१ म्हणजे थायमिन दोन-तीन आठवड्यांत संपत येतं. धान्याच्या कोंड्यात आणि अंकुरात ते भरपूर असतं, आणि मैदा करताना नेमके तेच दोन भाग काढून टाकतात. थायमिन नसेल तर शरीराला पिठापासून ऊर्जा काढता येत नाही. नसा आणि हृदय आधी बिघडतात. हाच बेरीबेरी. मैद्याचा पाव खाणाऱ्या गोऱ्या शिपायांना तो झाला. गंमत नव्हे, शोकांतिकेतला योगायोग असा, की मैदा संपला, नाइलाजाने त्यांनाही हिंदी शिपायांची कणीक आणि सातूचं पीठ द्यावं लागलं, आणि बेरीबेरी थांबला. म्हणजे शिधा खालावला आणि माणसं सुधारली.

क जीवनसत्त्वाचा साठा एक ते तीन महिने पुरतो. शरीरातले तंतू एकमेकांना धरून ठेवणारा जो पदार्थ असतो, तो तयार करायला क लागतं. ते संपलं की हिरड्या सुटतात, बारीक रक्तवाहिन्या फुटतात, आणि सगळ्यात भयानक म्हणजे भरलेल्या जुन्या जखमा पुन्हा उघडतात. टेसिफॉनला लागलेली, बरी झालेली जखम मार्चमध्ये उकलू शकते. शिवाय हे सगळं दिसायच्या आधी माणूस उदास आणि निरुत्साही होतो. वरून पाहणाऱ्या अधिकाऱ्याला तो कामचुकार वाटतो. ताज्या मांसात थोडं का होईना क असतं, त्यामुळे घोडा खाणारे बरेचसे वाचले. न खाणाऱ्यांना स्कर्व्हीने, म्हणजे क जीवनसत्त्वाच्या अभावाच्या या आजाराने, गाठलं.

त्यांनी का खाल्लं नाही, यावर इंग्रज लेखकांनी पुष्कळ नाक मुरडलं आहे. मला त्यात अडाणीपणा दिसत नाही. आज घोडा खाल्ला तर उद्या गावात पंक्तीला कोण बसू देईल, मुलींची लग्नं कशी होतील, ही त्यांची भीती होती, आणि त्या काळच्या गावात ती अगदी खरी होती. शिपाई म्हणून तो काही वर्षं जगणार होता, गावकरी म्हणून आयुष्यभर. हिंदुस्थानातून धर्मगुरूंची परवानगी तारेने मागवली गेली. एप्रिलमध्ये बहुतेकांनी खायला सुरुवात केली, पण तोवर शरीरं पोखरली गेली होती. डिव्हिजनचे मुख्य डॉक्टर पॅट्रिक हेहिर यांनी या आजारांच्या नोंदी ठेवल्या, म्हणून आज आपल्याला हे इतक्या बारकाईने कळतं.

एक गोष्ट राहून राहून मनात येते. या युद्धाच्या शेवटाकडे लंडनच्या लिस्टर संस्थेत हॅरिएट चिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं, की कडधान्य भिजवून त्याला मोड आणले तर त्यात स्कर्व्ही रोखण्याची ताकद येते. कोरड्या दाण्यात ती नसते. मोड आलेल्या मटकीची उसळ त्या शिपायांच्या घरोघरी होत होती. ती फक्त चवीची गोष्ट नाही, हे १९१६ साली फारसं कुणाला ठाऊक नव्हतं.

शस्त्रांकडे वळायचं तर घोड्यांपासूनच सुरुवात करावी लागते. तोफ म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर नळी येते. खरं तर तोफ म्हणजे नळी, ती ओढणारी जनावरं, त्या जनावरांचा चारा, गोळे, नेम सांगणारा निरीक्षक, त्याच्यापासून तोफेपर्यंतची तार आणि सहा-सात सरावलेले तोफची, हे सगळं मिळून. यातलं एक गेलं तरी उरलेलं लोखंड. कूतमध्ये चारा संपला. भुकेली घोडी एकमेकांच्या शेपट्या खाऊ लागली. तोफा ओढणारी जनावरं कापून शिध्यात गेली. प्रत्येक घोड्यामागे काही माणसं एक दिवस जगली आणि तोफखाना एका पावलाने जागी खिळला. फेब्रुवारीनंतर वेढा फोडून बाहेर पडायचं म्हटलं असतं, तरी तोफा कशाने ओढायच्या होत्या?

याच सैन्याचं आणखी एक शस्त्र होतं, फायरफ्लाय नावाची नदीवरची तोफबोट. १ डिसेंबरला माघारीच्या लढाईत एक गोळा तिच्या बॉयलरला लागला. तोफा ठीक, सांगाडा ठीक, पण वाफ नाही. तिला ओढायला दुसरी बोट आली, ती उथळ पाण्यात रुतली. दोन्ही सोडून द्याव्या लागल्या. आजचे रणगाडेवाले याला ‘मोबिलिटी किल’ म्हणतात, म्हणजे यंत्र जिवंत आहे पण जागचं हलत नाही. तोफ किंवा दुर्बीण निकामी झाली तर ‘फायरपॉवर किल’. पूर्ण उद्ध्वस्त होणं याहून कितीतरी दुर्मीळ असतं, आणि शत्रूला त्याची गरजही नसते. रणगाड्याचा पट्टा तुटला, डिझेल संपलं, पेरिस्कोपची काच फुटली, की काम झालं.

याचं आपल्याकडचं ठळक उदाहरण म्हणजे सप्टेंबर १९६५मधली पंजाबातली असल उत्तरची लढाई. पाकिस्तानचे पॅटन रणगाडे आपल्या शर्मनपेक्षा नवे आणि भारी होते. आपल्या लोकांनी कालव्याचं पाणी शेतांत सोडलं आणि उसात दबा धरला. पॅटन चिखलात रुतले. रुतलेल्या रणगाड्याच्या चिलखताची जाडी काय कामाची? ९७ रणगाडे नष्ट झाले किंवा हाती लागले, आणि त्यातले काही तर धड अवस्थेत सोडून दिलेले होते. तिथे डेक्कन हॉर्सचं नेतृत्व करणारे अरुणकुमार वैद्य पुढे देशाचे लष्करप्रमुख झाले.

काही झीज तर शत्रूशिवायच होते. तोफ उडते तेव्हा नळीतून प्रचंड तापलेला वायू जातो आणि आतलं पोलाद दर वेळी थोडं थोडं खातो. ठरावीक गोळ्यांनंतर नळी सैल होते, गोळा कमी अंतरावर आणि भलतीकडे पडतो, नळी बदलावी लागते. म्हणजे जोरदार मारा करणारी फौज स्वतःच्याच तोफा संपवत असते. सियाचिनवर १९८४पासून आपले जितके जवान गोळीने गेले, त्याहून जास्त थंडीने, हिमकड्यांनी आणि विरळ हवेने गेले. फेब्रुवारी-मार्च २०२२मध्ये युक्रेनची राजधानी कीव्हच्या उत्तरेला रशियन गाड्यांची साठ किलोमीटरहून लांब रांग दिवसेंदिवस अडून राहिली, तेव्हा इंधन आणि अन्नाचे वांधे झाले होते. आणि पानिपत आपल्याला मुखोद्गत आहे. गोविंदपंत बुंदेले पडले, दिल्लीकडची रसद तुटली, आणि १४ जानेवारी १७६१ला भाऊसाहेबांची फौज छावणीबाहेर पडली ती लढाईचा मुहूर्त साधायला नव्हे. आत उपासमारीने मरण्यापेक्षा बाहेर पडलेलं बरं, म्हणून.

एप्रिल उजाडला तेव्हा कूतमध्ये माणशी मूठभर पीठ मिळत होतं. पहारा बदलायला खंदकापर्यंत चालत जाताना माणसं वाटेत बसून घेत. विमानांतून धान्याची पोती टाकायचा प्रयत्न झाला. वेढ्यातल्या सैन्याला हवेतून शिधा पुरवण्याचा हा जगातला अगदी पहिल्या प्रयत्नांपैकी एक. पण तेव्हाची विमानं ती केवढी! हजारो तोंडांची एका दिवसाची भूकही त्यांतून भागत नव्हती. २४ एप्रिलला जुल्नार नावाची बोट २७० टन सामान घेऊन रात्रीच्या अंधारात नदीतून निघाली. तुर्कांनी नदीत आडवा तारेचा दोर बांधला होता, त्यात ती अडकली आणि पकडली गेली.

२९ एप्रिलला शरणागती. त्याआधी हुकूम झाला, तोफा फोडा. तोफची आपापल्या तोफांत स्फोटकं भरून त्या उडवत होते. रायफली आणि उरलेली काडतुसं टायग्रिसमध्ये टाकली गेली. चालू स्थितीतल्या बंदुका, ज्या उचलायची ताकद हातांत उरली नव्हती.

सुमारे १३,००० माणसं कैद झाली, त्यांत भिश्ती, स्वयंपाकी, डोलीवाले, खेचरवाले असे न लढणारे काही हजार होते. जवळच्या शुमरानच्या तळावर त्यांना तुर्की फौजेचा शिधा मिळाला, कोंडा-भुशाचे दगडासारखे टणक बिस्किट. पाच महिने उपाशी राहिलेल्या आतड्यांना ते पचलं नाही. पोट धरून माणसं पडू लागली, आणि वेढ्यातून जिवंत निघालेले कितीतरी जण हातात अन्न आल्यावर मेले. उरलेल्यांना वाळवंटातून चालवत नेलं. अनेकांना रास अल-ऐनला रेल्वेच्या कामाला जुंपलं. हजारो परत आले नाहीत. टाउनशेंडला कॉन्स्टँटिनोपलजवळच्या (आजच्या इस्तंबूलजवळच्या) बेटावर प्रशस्त घर मिळालं. आपल्या शिपायांसाठी त्याने तिथून जोर लावला नाही, आणि हे मी त्याला माफ करू शकत नाही.

१९१६च्या उन्हाळ्यात तिथला ताबा जनरल मॉडकडे आला. त्याने डिसेंबरपर्यंत चढाई केली नाही. बसऱ्याचा धक्का वाढवला गेला, उथळ पाण्यात चालणाऱ्या बोटी मागवल्या गेल्या, हलकी रेल्वे टाकली गेली, इस्पितळं उभी राहिली. नदी तीच, ऊन तेच, समोर तुर्कच आणि शिपाईही त्याच मुलखातले. फेब्रुवारी १९१७मध्ये कूत पुन्हा हाती आलं, ११ मार्चला बगदाद. मधल्या पाठलागात, २६ फेब्रुवारीला, नदीत एक ओळखीची तोफबोट सापडली. बॉयलर दुरुस्त करून तुर्कांनी ती वर्षभर वापरली होती. ती फायरफ्लाय होती.